जपानी शिकायचीय? आधी जोडीदार शोधा!

पुस्तक, मोबाइल आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर घरबसल्या जपानीची सुरुवात करता येते. मग पाठ केलेली वाक्ये ऐन वेळी तोंडातून का निघत नाहीत? हावड्याच्या एका गच्चीवर आणि मराठवाड्यातल्या एका खेड्यात सापडलेले हे उत्तर...

“ओनामाए वा?”

मोबाइलच्या पडद्यावरच्या बाईंनी हसून विचारले. अर्थ एवढाच की, ‘आपले नाव?’ जपानी शिकणाऱ्याच्या वहीत हे वाक्य पहिल्या पानावर असते. आमच्या शेजारच्या मुलीच्या वहीतही होते, लाल शाईने अधोरेखित केलेले. पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. आधी ती हसली, मग गोंधळली, मग “वाताशी... वाताशी...” असे दोनदा म्हणून गप्प बसली. सात-आठ मिनिटांत मुलाखत आटोपली.

ही गोष्ट हावड्यातल्या शिबपूरची. नवऱ्याची बदली झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो आणि शेजारच्या बउदींशी माझे जमले. बंगालीत वहिनीला बउदी म्हणतात. त्यांच्या मुलीने नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. जपानमध्ये वृद्धांची देखभाल करण्याचे काम मिळवायचे, हे तिने मनाशी पक्के ठरवले आहे. त्यासाठी आठ महिने ती एकटीच अभ्यास करत होती. पहाटे उठून अक्षरे गिरवायची, बसमध्ये शब्द पाठ करायची. जुन्या प्रश्नपत्रिकेत तिला १८० पैकी १३१ गुण पडले होते.

ही मुलाखत सरावासाठी होती आणि ती एका एजंटाने घेतली होती. त्याचा निकाल लगेच आला. “मुलगी कच्ची आहे. आमच्या वसतिगृहात सहा महिने राहून कोर्स करावा लागेल. खर्च एक लाख ऐंशी हजार.” संध्याकाळी बउदी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या मनात हातातल्या बांगड्या गहाण टाकण्याचा विचार घोळत होता. तरी जाता जाता त्यांनी एक प्रश्न विचारलाच, “ती कच्ची असती तर पेपर कसा सोडवला असता?”

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर मला माहीत असायला हवे होते, कारण त्याच खड्ड्यात मीही पडले होते.

पेपरात बोलायचे नसतेच

इथे आल्यावर मोकळ्या दुपारी काय करायचे, म्हणून मीही पुस्तकावरून जपानी सुरू केली होती. चार महिने नेटाने केली. एक दिवस शिबपूरच्या वनस्पती उद्यानात पाहुण्यांना तिथला प्रसिद्ध वड दाखवायला गेले. अडीचशेहून अधिक वर्षांचे हे झाड. त्याचे मूळ खोड बुरशी लागल्याने १९२५ मध्ये काढून टाकावे लागले, पण पारंब्यांवर ते जंगलासारखे पसरले आहे. शेजारी एक जपानी जोडपे उभे होते. “हे सगळे मिळून एकच झाड आहे,” एवढेच मला त्यांना सांगायचे होते. त्यातला प्रत्येक शब्द मला येत होता. तोंडातून काय निघाले? “कोन्निचिवा.” म्हणजे नमस्कार. पुढे काही नाही. घरी येऊन पुस्तक कपाटात ठेवले ते ठेवलेच.

जपानीसाठी जगभर घेतली जाणारी जेएलपीटी ही परीक्षा १९८४ पासून होते. २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत. एन-५ सर्वांत खालची आणि एन-१ सर्वांत वरची. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती होते. आपल्याकडे मुंबई, पुणे, कोलकाता या शहरांत तिची केंद्रे आहेत. एन-५ चा पेपर एकूण दीड तासाचा. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणे यांवर पर्यायी प्रश्न असतात. १८० पैकी ८० गुण मिळाले की उत्तीर्ण. त्यात शब्द-व्याकरण-वाचनात १२० पैकी ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी १९ गुण मात्र मिळायलाच हवेत.

या सगळ्यात बोलण्याला एकही गुण नाही, आणि एक वाक्यही आपल्या हाताने लिहावे लागत नाही. चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखणे आणि रिकाम्या हवेतून वाक्य उभे करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. एकटीने केलेल्या अभ्यासात पहिल्याची तालीम भरपूर होते, दुसऱ्याची मुळीच होत नाही. मुलगी कच्ची नव्हती. आठ महिन्यांत तिला कुणी जपानीत एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता, एवढेच.

पण आम्हाला जपानीत प्रश्न विचारणार कोण? हावड्यात जपानी शेजारीण कुठून आणायची? तेव्हा मला गाडीवाटची आठवण झाली.

फोन एकाकडे, पाठ दहांकडे

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे २५ किलोमीटरवर गाडीवाट नावाचे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले की, परदेशी भाषा शिकायची झाली तर कोणती शिकाल? बहुतेकांनी जपानीचे नाव घेतले. कारण मोठे मजेचे होते. मुलांना रोबोट आणि तंत्रज्ञानाची ओढ होती आणि रोबोट म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर जपान येत होता.

आता जिल्हा परिषदेच्या शाळेत जपानीचा शिक्षक कुठला आणि पुस्तक तरी कुठले? शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची अॅप यांतून मिळेल ते जमवले. पुढे ही बातमी शहरातल्या एका जपानी भाषातज्ज्ञाच्या कानावर गेली आणि २०२० मध्ये त्यांनी मुलांना ऑनलाइन शिकवायला सुरुवात केली, तीही विनामूल्य. शाळेत साडेतीनशे मुले होती, त्यांपैकी सत्तरएक मुले जपानी शिकू लागली.

अडचण फोनची होती. टाळेबंदीचे दिवस, आणि घरोघर स्मार्टफोन नव्हते. यावर शाळेने काढलेल्या तोडग्याचे नाव होते ‘विषय मित्र’. ज्याच्याकडे फोन आहे त्याने तासाला बसायचे आणि नंतर तोच धडा फोन नसलेल्या सोबत्यांना शिकवायचा. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत ही बातमी आली होती. मुले आपापसांत जपानीत बोलू लागली आहेत, असेही त्यात होते.

त्या वेळी मी ती बातमी कौतुकाने वाचली आणि सोडून दिली. गरिबीवर काढलेला गोड तोडगा, असेच मला वाटले होते. हावड्यातल्या त्या संध्याकाळी मात्र ती वेगळी दिसू लागली. दुपारी चार वाजता हाच धडा मला बंड्याला समजावून सांगायचा आहे, हे ज्या मुलाला माहीत असते, तो तासाला निराळ्या कानांनी बसतो. ‘समजले’ असे स्वतःशी म्हणणे सोपे आहे. समोरचा “असे का?” म्हणतो तेव्हा आपल्याला काय समजलेले नाही ते कळते. जपानी माणूस नसला तरी चालेल, ऐकणारे माणूस हवे. फोनच्या टंचाईमुळे गाडीवाटच्या मुलांना ते आपोआप मिळाले होते. आम्हाला मुद्दाम मिळवावे लागणार होते.

बउदींना म्हटले, “बांगड्या दोन महिने हातातच असू द्या. रोज संध्याकाळी गच्चीवर या, मुलीला घेऊन.”

‘का’ तिथेही शेवटीच

पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आले की चार महिने मी जपानी उगाचच इंग्रजीच्या चष्म्यातून शिकत होते. पुस्तक इंग्रजीत, म्हणून वाक्य आधी इंग्रजीत आणायचे, मग ते उलटे करायचे. ही सगळी कसरत मराठी माणसाने करण्याची गरजच नाही.

हे वाक्य पाहा. ‘वाताशी वा रिंगो ओ ताबेमासु.’ वाताशी म्हणजे मी, रिंगो म्हणजे सफरचंद, ताबेमासु म्हणजे खाते. मी सफरचंद खाते. शब्द आपल्याच क्रमाने येतात, क्रियापद शेवटी. आपण नामाला प्रत्यय लावतो तसे जपानीत नामामागून छोटे शब्द येतात. ‘बासु दे’ म्हणजे बसने. ‘हावडा कारा’ म्हणजे हावड्याहून. ‘पुणे माडे’ म्हणजे पुण्यापर्यंत. ‘वाताशी नो’ म्हणजे माझा, माझी, माझे. तिन्हींना एकच, कारण जपानीत लिंगभेदाची भानगड नाही. ‘खातो’ की ‘खाते’ हा प्रश्नच मिटला!

आणि प्रश्न कसा विचारायचा? वाक्याच्या शेवटी ‘का’ लावायचा. ‘इकिमासु’ म्हणजे जाते, ‘इकिमासु का?’ म्हणजे जाता का? दोन भाषांचा काही नातेसंबंध नाही, हा निव्वळ योगायोग आहे. पण शिकणाऱ्याला योगायोगही उपयोगी पडतो. बोलता बोलता आपण ‘ना’ म्हणून दुजोरा मागतो, ते तिथे ‘ने’ म्हणून मागतात. ‘आत्सुई देसु ने,’ म्हणजे गरम होतेय ना. मे महिन्यात हावड्याच्या गच्चीवर या वाक्याचा सराव किती झाला असेल, याची कल्पना करा.

खरी गंमत पुढे आहे. आपण ‘खाऊन बघ’ म्हणतो. त्यात बघण्याचा डोळ्यांशी काही संबंध नसतो, पदार्थ कसा लागतो ते अजमावायचे असते. जपानीतही ‘ताबेते मिमासु’ म्हणतात. ताबेते म्हणजे खाऊन आणि मिमासु म्हणजे बघते. ‘खाऊन टाकले’ म्हणायचे असेल तर ‘ताबेते शिमाइमाशिता’. घेऊन येणे ‘मोत्ते किमासु’, घेऊन जाणे ‘मोत्ते इकिमासु’. इंग्रजी पुस्तकात यातल्या प्रत्येकाला दोन दोन पाने खर्ची घातलेली असतात. मराठी मुलीला एका ओळीत समजते.

धडधड, चमचम अशा शब्दांची आपल्याला आवड, तशी त्यांनाही. छातीत ‘दोकिदोकि’ होते, चांदण्या ‘किराकिरा’ चमकतात, आणि घडाघडा बोलणारा ‘पेरापेरा’ बोलतो.

वर्णमालेचेही तसेच. जपानी अक्षरांचा तक्ता पाहिलात तर त्यात आधी स्वर येतात आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्खूंबरोबर संस्कृतची लिपी आणि उच्चारशास्त्र तिकडे गेले आणि अक्षरे लावण्याची ही रीत त्यातून रुजली. त्यांचा ‘त्सु’ हा ‘चूल’ मधला च. ‘हिजा’ म्हणजे गुडघा, त्यातला ज ‘जावई’ मधला. हे दोन्ही उच्चार मराठी माणसाच्या जिभेवर लहानपणापासून असतात. सा-ओळीत ‘सि’ नसून ‘शि’ का, असे पुस्तक विचारते. आपण तरी ‘म्हैस’चे अनेकवचन ‘म्हसी’ कुठे करतो? ‘म्हशी’च म्हणतो.

बंगाली जीभ, मराठी जीभ

आता शेजारच्या मुलीची अडचण पाहा. बंगालीत आपल्या जावयाचा ज नाही. त्यांचा जामाई तो जामाईच. ‘स’ चा बऱ्याचदा ‘श’ होतो, त्यामुळे ‘सुमिमासेन’, म्हणजे माफ करा, हे तिच्या तोंडी ‘शुमिमाशेन’ होई. एकटी होती तोवर तिला हे कळायला मार्गच नव्हता, कारण आपली चूक आपल्या कानाला बरोबरच वाटते. मी तिला चूल आणि जावई शिकवले. पंधरा दिवसांत तिचा ‘त्सु’ माझ्याइतका साफ झाला.

पण मोजणी आली आणि मास्तरीण बदलली. जपानीत नुसते ‘तीन’ म्हणून चालत नाही. काय मोजता त्याप्रमाणे आकड्याला शेपूट जोडावे लागते. कागद, तिकीट, ताटली अशा चपट्या वस्तू ‘इचिमाइ, निमाइ, सान्माइ’. पेन्सिल, छत्री, झाड अशा लांबट वस्तू ‘इप्पोन, निहोन, साम्बोन’. माणसे ‘हितोरी, फुतारी, सान्निन’. मी वैतागून गेले. मुलगी मात्र शांत. बंगालीत माणसांना ‘जन’, वस्तूंना ‘टा’ किंवा ‘खाना’ असे जोडतातच, तेव्हा तिला यात नवल वाटले नाही. तिने मलाच विचारले, “तुमच्याकडे माणसांसाठी वेगळे काही नाही?” विचार केला तेव्हा आठवले की आपण दोन माणसांना दोघे, तिघांना तिघे म्हणतो, पण दोन खुर्च्यांना दोघे म्हणत नाही. फुतारी म्हणजे दोघे. त्या दिवसापासून ते डोक्यात पक्के बसले.

जोडीदार आपल्याहून हुशार असावा लागत नाही, हे मला इथे उमगले. तो निराळ्या ठिकाणी अडखळणारा असला म्हणजे पुरे.

ठेच कुठे लागते

सगळे गोड गोड सांगणे बरे नव्हे. काही ठिकाणी आम्ही दोघीही आपटलो.

पहिली ठेच ऱ्हस्व-दीर्घाची. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि मधला आ लांबवून ‘ओबाऽसान’ म्हटले की आजी. पन्नाशीतल्या बाईला चुकून आजी म्हटले तर काय होईल, ते सांगायला नको. ‘ब्योऽइन’ म्हणजे रुग्णालय आणि ‘बियोऽइन’ म्हणजे ब्यूटी पार्लर. नर्स होऊ पाहणाऱ्या मुलीने यात घोळ करून कसे चालेल? आपण शाळेत ऱ्हस्व-दीर्घासाठी मार खातो, पण बोलताना ते फारसे पाळत नाही. देवनागरीत लिहून पाठ करण्याचा धोका इथेच आहे. ही लांबी तिच्यात नीट दाखवता येत नाही. म्हणून पहिले दोन आठवडे देवनागरी टेकू म्हणून वापरा आणि मग टेकू काढून घ्या.

लिपीला लोक फार घाबरतात. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमाला, प्रत्येकीत ४६ मूळ अक्षरे. रोज पाच घेतली तर तीन आठवड्यांच्या आत दोन्ही डोळ्यांखालून जातात. हातात बसायला महिना-दीड महिना धरा. हिरागानातली ने, रे आणि वा ही अक्षरे सख्ख्या बहिणींसारखी दिसतात, तर काताकानातली शि आणि त्सु जुळ्यांसारखी. तिसरी लिपी कांजी, म्हणजे चित्राक्षरे. एन-५ ला त्यातली साधारण शंभर पुरतात. त्यांची धास्ती आजच घेऊ नका.

दुसरी ठेच विशेषणांची. ‘आज गरम होते’ हे सांगताना आम्ही दोघी ‘आत्सुई देशिता’ म्हणायचो. हे चूक आहे. जपानीत तिथे विशेषणच भूतकाळात जाते, ‘आत्सुकात्ता देसु’. जणू ‘गरम’चेच क्रियापद करायचे. हे अंगवळणी पडायला महिना लागला.

आणि तिसरी ठेच मानापानाची. दुसऱ्याच्या नावापुढे ‘सान’ लावायचे, स्वतःच्या नावापुढे कधीच नाही. दुसऱ्याच्या आईला ‘ओकाऽसान’ म्हणायचे, पण परक्यापुढे आपल्या आईचा उल्लेख ‘हाहा’ असा करायचा. ही शिस्त मराठी घरात वाढलेल्याला कळते. फक्त शब्द लक्षात ठेवावे लागतात.

गच्चीवरची पद्धत

आमचा वेळ रोज अर्धा तास, दिवे लागायच्या आधी. पुस्तकासाठी पैसे लागले नाहीत. जपान फाउंडेशनचे ‘इरोदोरी’ हे रोजच्या व्यवहारातल्या जपानीचे पाठ्यपुस्तक आवाजाच्या फितींसकट विनामूल्य उतरवून घेता येते. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेने नवशिक्यांसाठी केलेले धडे हिंदी आणि बंगालीतही आहेत. विकत घ्यायचे तर ‘मिन्ना नो निहोंगो’ किंवा ‘गेंकी’ यांपैकी एकच घ्या. दोन घेतलीत तर दोन्ही अर्धी राहतात. हे मी अनुभवाने सांगते.

धडा प्रत्येकीने आपापल्या घरी वाचायचा. गच्चीवर पुस्तक आणायचे नाही. एक दिवस ती मास्तरीण, एक दिवस मी. जिची पाळी तिने धडा दुसरीला शिकवायचा, अगदी गाडीवाटच्या मुलांसारखा. समोरची वाक्य जुळवत असताना मध्ये टोकायचे नाही, पूर्ण होऊ द्यायचे, मग चूक सांगायची. हा नियम आम्ही दुसऱ्या आठवड्यात केला, कारण पहिल्या आठवड्यात टोकाटोकीने एकीच्या डोळ्यांत पाणी आले होते. कुणाच्या ते सांगत नाही. रात्री झोपण्यापूर्वी हिरागानात तीन ओळींची ‘निक्की’, म्हणजे रोजनिशी. बसने गेले. मासे खाल्ले. गरम होते. एवढे साधे चालते, पण ते आपल्या दिवसातले असले पाहिजे.

बउदी सुरुवातीला नुसत्या निवडायची भाजी घेऊन बसत. मग मुलीला सरावासाठी रुग्ण हवा होता, तेव्हा त्यांनाच खुर्चीत बसवले. “दोको गा इताइ देसु का?” मुलीने विचारले. कुठे दुखते? आम्ही त्यांना उत्तर शिकवून ठेवले होते, “हिजा गा इताइ देसु.” गुडघा दुखतो. बउदींचा गुडघा गेली चार वर्षे खरोखरच दुखतो. त्यांनी ते वाक्य असे काही म्हटले की आम्हा दोघींना पुढचे सुचेना! मुलीने खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि “दाइजोऽबु देसु का?” विचारले. ठीक आहात ना? हे वाक्य त्या दिवशीच्या धड्यात नव्हते.

एन-५ म्हणजे तिकीट नव्हे

आता पैशांबद्दल. जपानकडे ओढा वाढतो आहे, हे खरे आहे. देखभाल, शेती, बांधकाम अशा क्षेत्रांत परदेशी कामगार घेण्यासाठी जपानने एप्रिल २०१९ मध्ये विशेष कौशल्याचा व्हिसा सुरू केला. जानेवारी २०२१ मध्ये त्याबाबत भारताशी करार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट ठरवले, त्यात भारतातून जाणारे ५० हजार कुशल लोक धरले आहेत. हावड्याला जपान तसा परका नाही. हुगळीच्या पाण्याखालून हावडा मैदान ते एस्प्लनेड धावणारी मेट्रो मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, तिला जपानचे कर्ज आहे. रवींद्रनाथ १९१६ मध्ये कोलकात्याहूनच बोटीने जपानला गेले. त्याच्या आदल्या वर्षी रासबिहारी बोस इथूनच नाव बदलून निसटले. तोक्योतल्या नाकामुराया बेकरीच्या आवारात ते लपून राहिले, त्याच घरचे पुढे जावई झाले आणि जपानी भाषेत पुस्तके लिहिण्याइतके तयार झाले. इथून रेल्वेने शांतिनिकेतनला गेलात तर तिथे विश्वभारतीत १९९४ पासून जपानीसाठी स्वतंत्र निप्पोन भवन आहे.

पण या ओढ्याचा फायदा घेणारेही पुष्कळ निघाले आहेत. म्हणून स्पष्ट सांगते. त्या विशेष व्हिसासाठी एन-५ पुरत नाही. एन-४ किंवा तिच्या तोडीची जेएफटी-बेसिक ही परीक्षा लागते, शिवाय त्या त्या कामाची कौशल्यचाचणी, आणि देखभालीच्या कामासाठी त्या क्षेत्रातल्या जपानीची वेगळी परीक्षा. ‘तीन महिन्यांत जपान’ म्हणणाऱ्याला यातले कोणते टप्पे तो कसे पूर्ण करून देणार, ते कागदावर मागा. परदेशी नोकरी लावणारा एजंट सरकारकडे नोंदलेला आहे की नाही, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. बांगड्या सोनाराकडे नेण्याआधी ते पाहा.

शिक्षकाची गरज नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. आवाजाचे चढउतार आणि आदरार्थी बोलण्याचे बारकावे पुस्तकातून किंवा माझ्यासारखीकडून येत नाहीत. एन-४ च्या वाटेवर चांगला क्लास लावावाच लागेल. मराठी वाचकांना तर पुण्यासारखे जपानी शिकवण्याची जुनी परंपरा असलेले शहर जवळ आहे. प्रश्न एवढाच आहे की, क्लासमध्ये बसताना तुमचे तोंड उघडलेले असणार की बंद. क्लास आठवड्यातून दोनदा असतो आणि तीस जणांत तुमची बोलण्याची पाळी दोन मिनिटांची. बाकीचे बोलणे घरीच करायचे असते, मग क्लासचे शुल्क कितीही भरलेले असो.

शेजारच्या मुलीने दोन महिन्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी सरावाची मुलाखत दिली. “दोको कारा किमाशिता का?” असे विचारले तेव्हा तिने “हावडा कारा किमाशिता” म्हटले. थोडे अडखळली, एका जागी ‘सुमिमासेन, मोऽ इचिदो’ म्हणजे ‘माफ करा, पुन्हा एकदा’ असे म्हणून प्रश्न परत विचारून घेतला, आणि वीस मिनिटे बसली. नोकरी अजून मिळालेली नाही. एन-५ ची परीक्षा झाली, निकाल यायचा आहे. एन-४ साठी एका शिक्षिकेकडे जायचे ठरले आहे. शुल्क बउदी दरमहा देणार आहेत. बांगड्या हातात आहेत.

परीक्षा झाली त्या संध्याकाळी आम्ही तिघी लाँचने बाबूघाटला फिरायला निघालो. हावडा घाटावर तिकिटाच्या खिडकीपाशी ही गर्दी! बउदी सगळ्यांच्या पुढे घुसल्या आणि खिडकीत तोंड घालून खणखणीत म्हणाल्या, “किप्पु सान्माइ कुदासाई!” आतल्या माणसाने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि मुकाट्याने तीन तिकिटे फाडून दिली.

बउदींनी तीन बोटे दाखवली होती.